अधिरथाचे पाय



निमंत्रणपत्रिकेवर विषय छापला आहे, 'साहित्यातलं पात्र, त्याचं कुळ आणि वाचकाचा न्याय'. एवढ्या मोठ्या विषयाला एका संध्याकाळी हात घालायचा तर एक पात्र धरून बोलणं बरं. मी कर्ण धरला आहे. मराठी वाचकाने इतकी माया केलेलं दुसरं पात्र मला दिसत नाही. सढळ हाताने देणाऱ्याला आपण कर्णाचा अवतार म्हणतो. हक्काचं असून ज्याला मिळालं नाही, अशा प्रत्येक माणसात आपल्याला थोडा कर्ण दिसतो. ही माया खोटी आहे असं मला म्हणायचं नाही. ती नेमकी कुणासाठी आहे, एवढं आज तपासायचं आहे.

१९६७ या एका वर्षात मराठीला दोन कर्ण मिळाले. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' त्या वर्षी आली आणि इरावती कर्वे यांचं 'युगान्त'ही त्याच वर्षी आलं. सावंत तेव्हा नुकती पंचविशी ओलांडलेले, कोल्हापुरात शाळेत शिकवणारे. इरावतीबाईंनी साठी ओलांडली होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांचं संशोधन चालायचं, आणि जाती, नाती, कुटुंबं यांचा अभ्यास करत त्या देशभर हिंडलेल्या होत्या. सावंतांनी कर्णाला छातीशी धरलं, इरावतीबाईंनी त्याला समोर बसवून त्याची विचारपूस केली. 'युगान्त'ला १९६८ सालचं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं. 'मृत्युंजय' घराघरांत गेली आणि अजून जाते आहे. आपल्या मनातला कर्ण बहुतेक करून सावंतांचा आहे. दोन्ही पुस्तकांविषयी मला आदर आहे, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचल्याशिवाय कर्ण कळत नाही असं माझं मत आहे.

'युगान्त'च्या मागे एक मोठं काम उभं होतं, त्याचा उल्लेख करायलाच हवा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायला १९१९ साली हात घातला आणि १९६६ साली ती पुरी झाली. विष्णु सीताराम सुखठणकरांसारख्या विद्वानांनी देशभरातल्या हस्तलिखितांची ओळ न् ओळ ताडून पाहिली. मागाहून शिरलेलं काय आणि जुनं काय, हे सामान्य वाचकालाही पाहता येऊ लागलं. उदाहरणार्थ, भर स्वयंवरात द्रौपदीने कर्णाला सूत म्हणून नाकारलं, हा प्रसंग आपल्याला डोळ्यांनी पाहिल्यासारखा आठवतो, आणि दूरदर्शनवरच्या मालिकेने तो अधिकच घट्ट केला. संशोधित संहितेत तो नाही. तिथे कर्ण हा धनुष्य न पेललेल्या राजांपैकी एक आहे. म्हणजे ज्या अपमानावर आपण द्रौपदीविरुद्धची अर्धी फिर्याद उभी करतो, तोच मुळात नंतरच्या हातांनी घातलेला दिसतो. तो घालावासा का वाटला असेल? द्यूतसभेत पुढे कर्ण जे बोलला त्याला काहीतरी कारण हवं होतं म्हणून, असं मला वाटतं. आवडत्या माणसासाठी आपण सबबी शोधतो, तशा परंपराही शोधते.

आता आदिपर्वातल्या रंगभूमीकडे येऊ. राजपुत्रांचं शिक्षण संपलं, द्रोणांनी प्रदर्शन मांडलं, अर्जुनाने लोकांना थक्क केलं आणि तेवढ्यात कर्ण आत आला. अर्जुनाने केलं ते सगळं त्याने करून दाखवलं आणि द्वंद्व मागितलं. कृपाचार्यांनी त्याला आई, बाप, कुळ विचारलं. कर्णाची मान खाली गेली. दुर्योधनाने तिथल्या तिथे त्याला अंगदेशाचा अभिषेक केला. इथपर्यंतची गोष्ट आपण रंगवून सांगतो. पुढचं भरभर सांगतो, आणि थांबायला हवं ते तिथेच.

एक म्हातारा रंगभूमीत शिरतो. घामाने निथळलेला, थरथरणारा, काठीचा आधार घेतलेला, उपरणं खांद्यावरून घसरलेलं. हा अधिरथ. त्याला पाहताच कर्ण धनुष्य टाकतो आणि अभिषेकाने ओलं झालेलं मस्तक त्याच्यापुढे वाकवतो. आणि अधिरथ काय करतो? तो घाईघाईने आपल्या वस्त्राच्या टोकाने स्वतःचे पाय झाकून घेतो. मुलगा आत्ताच राजा झाला आहे. राजाचं मस्तक आपल्या पायांकडे येतं आहे, हे त्या म्हाताऱ्याला सोसत नाही. मग तो त्याला बाळ म्हणून मिठी मारतो, आणि अभिषेकाने भिजलेलं ते डोकं आसवांनी पुन्हा भिजवतो. भीम हसतो. अर्जुनाच्या हातून मरण्याची तुझी लायकी नाही, कुळाला शोभेल असा चाबूक हातात घे, असं सुनावतो.

वर्ग म्हणजे काय याची व्याख्या व्यासांनी कुठे दिलेली नाही. एका बापाची ही लगबग दाखवली आहे. सूत म्हणजे रथ हाकणारे, घोडी सांभाळणारे, राजांच्या वंशावळी आणि पराक्रम गाणारे लोक. राजवाड्यात त्यांचा दिवसरात्र वावर, राजाचं गुपित त्यांच्या कानावर, रणात राजाचा जीव त्यांच्या हातात. इतक्या जवळ राहणाऱ्या माणसाला आपली पायरी फार पक्की ठाऊक असते. अधिरथाला विचार करावा लागला नाही. हात आपोआप वस्त्राकडे गेले. आणि कर्ण वाकला, हेही विसरू नये. हजारो डोळ्यांसमोर, नुकतंच राज्य मिळालेलं असताना, ज्या ओळखीने आपलं हसं होणार आहे ती ओळख त्याने लपवली नाही. कर्णाच्या आयुष्यातला पहिला मोठा क्षण मी हा मानते. कवचकुंडलं नंतर.

आता माझं म्हणणं सरळ मांडते. कर्ण सूत होता म्हणून आपण त्याच्यासाठी रडत नाही. तो सूत नसताना त्याला सूत म्हटलं गेलं, म्हणून रडतो. आपल्या डोळ्यांतलं पाणी राजपुत्रासाठी असतं. चुकीच्या घरी वाढलेला सूर्याचा मुलगा आपल्याला पाहवत नाही. ज्या घरी तो वाढला त्या घराला 'चुकीचं' म्हणताना आपलं काही चुकतं आहे, हे मनात येत नाही. भीमाचा टोमणा कर्णाला लागू नाही म्हणून तो आपल्याला अन्याय्य वाटतो. तोच टोमणा अधिरथाच्या पोटच्या पोराला मारला असता तर? आपण हसलो नसतो कदाचित, पण त्यावर कादंबऱ्याही लिहिल्या नसत्या.

हे मी पदरचं सांगत नाही. महाभारतातली माणसंच असं वागतात. कुंती युद्धाच्या तोंडावर नदीकाठी कर्णाला भेटायला येते आणि त्याची समजूत काढते. काय सांगते? तू राधेचा नाहीस, माझा आहेस, सूतपुत्र हा शब्द तुला लागू नये. मुलाला जन्मभर छळलेला तो शब्द वाईट आहे असं ती म्हणत नाही. तो त्याच्यासाठी नाही, एवढंच म्हणते. युद्ध संपतं, तर्पणाची वेळ येते आणि कुंती सत्य सांगते. मग युधिष्ठिर कोसळतो. तोवर कर्णाचा वध हा पांडवांचा विजय होता. नातं कळल्याबरोबर तो भ्रातृवध झाला. प्रेत तेच, पराक्रम तोच, फक्त कूळ बदललं आणि शोक सुरू झाला. युधिष्ठिराचा शोक खरा आहे, त्यात ढोंग नाही. पण एखाद्या माणसाच्या मरणाचं वजन त्याचा जन्म कळल्यावर बदलतं, हे व्यासांनी इतकं स्पष्ट दाखवलं असताना आपणही नेमके युधिष्ठिराच्याच बाजूला बसून रडतो.

सावंतांवर अन्याय होऊ नये म्हणून इथे एक गोष्ट नोंदवते. 'मृत्युंजय'मध्ये कथा अनेकांच्या तोंडून येते. कर्ण, कुंती, दुर्योधन, कृष्ण बोलतात, तशी वृषाली बोलते आणि शोणही बोलतो. कर्णाच्या सूत बायकोला आणि त्या घरातल्या धाकट्या भावाला स्वतःचा आवाज देणं ही त्या तरुण लेखकाची मोठी समज होती. तरी त्या कादंबरीतलं तेज सूर्याकडून येतं. शोणाचं सगळं प्रेम थोरल्या भावाच्या अलौकिकपणाकडे वर पाहत राहतं. हिंदीत रामधारीसिंह दिनकरांनी 'रश्मिरथी'त जातीच्या गर्वावर आसूड ओढला, तोही कर्णालाच नायक करून. जातीविरुद्ध बोलायला नायक हवा आणि तो शेवटी राजकुळातलाच निघतो, ही अडचण थोरामोठ्यांनाही ओलांडता आली नाही.

कर्णाने मात्र ती ओलांडली होती. उद्योगपर्वात कृष्ण शिष्टाई फसल्यावर कर्णाला रथात घेतो आणि त्याचा जन्म सांगतो. देऊ केलेलं काही थोडं नाही. तू थोरला, राज्य तुझं, पाचही भाऊ तुझे पाय धरतील, आणि सहाव्या वेळी द्रौपदीही तुझ्याकडे येईल. द्रौपदीला विचारलेलं नाही, हे जाता जाता लक्षात ठेवा. कर्णाचं उत्तर मी पुन्हा पुन्हा वाचते. तो म्हणतो की कुंतीने मला टाकलं, अधिरथाने उचलून घरी नेलं. मला पाहून राधेला पान्हा फुटला. तिने माझं मलमूत्र काढलं. अधिरथाने माझे जातकर्मादी संस्कार केले, ब्राह्मणांकडून वसुषेण नाव ठेवलं, वयात आल्यावर सुतांच्या घरच्या मुली मला करून दिल्या. त्यांच्यापासून मला मुलं झाली, नातवंडं झाली. त्यांच्यात माझं मन गुंतलं आहे. सगळी पृथ्वी दिली, सोन्याच्या राशी दिल्या तरी हे मला खोटं करता येणार नाही.

रक्त की राज्य, असा प्रश्न कृष्णाने टाकला होता. कर्ण उत्तरात आईच्या दुधाविषयी आणि मुलाचं अंग पुसणाऱ्या हातांविषयी बोलतो. सबंध महाभारतात सूताच्या घराविषयी इतक्या अभिमानाने कुणी बोललेलं मला आठवत नाही. राजपुत्र म्हणून ओळख मिळवण्यासाठी ज्याने उभं आयुष्य जाळलं, तो ती ओळख ताटात वाढून आल्यावर परत करतो. इरावतीबाईंनी कर्णाच्या आयुष्याच्या मुळाशी 'मी कोण' हा प्रश्न ठेवला आहे. मला वाटतं, या एका प्रसंगात त्याला उत्तर सापडलं होतं. आपण मात्र ते उत्तर बाजूला ठेवून त्याला कौंतेय करायची धडपड अजून करतो आहोत.

इथे थांबले असते तर भाषण गोड झालं असतं. पण मग सभापर्वाचं काय करायचं?

द्यूतात युधिष्ठिराने द्रौपदीला पणाला लावलं आणि तो तिला हरला. तिने विचारलं, आधी स्वतःला हरलेल्या नवऱ्याला मला पणाला लावायचा अधिकार उरतो का? मोठमोठे लोक गप्प बसले. विकर्ण उठला. हा धृतराष्ट्राचाच मुलगा, दुर्योधनाचा धाकटा भाऊ. त्याने सांगितलं की हे न्यायाचं नाही. त्याला गप्प करणारा माणूस कर्ण होता. अनेक नवऱ्यांची बायको म्हणून त्याने तिला वेश्या म्हटलं, आणि पांडवांची आणि तिचीही वस्त्रं काढून घ्यायला दुःशासनाला सांगितलं. ही आज्ञा कर्णाची आहे. दुर्योधनाच्या नावावर ती खपवता येत नाही.

कर्णभक्त म्हणतात, आयुष्यभर अपमान सोसलेल्या माणसाचा तो स्फोट होता. दुसरी बाजू म्हणते, तो मुळातच दुष्ट होता. दाजी पणशीकरांनी तर 'कर्ण खरा कोण होता?' या नावाचं पुस्तकच लिहिलं. मला दोन्ही बाजूंना एक प्रश्न विचारायचा आहे. त्याच सभेत विदुर बसला होता ना? दासीच्या पोटी जन्मला म्हणून राज्याला मुकलेला, दुर्योधनाने वेळोवेळी तुच्छतेने वागवलेला विदुर. जन्माचा डाग त्याच्याही कपाळावर होता. तो द्रौपदीच्या बाजूने बोलला, सभेला तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लावायचा प्रयत्न करत राहिला. जन्माने दुखावलेली दोन माणसं एकाच दालनात, एकाच घटकेला, उलट वागली. मग अपमान हे कर्णाच्या वागण्याचं कारण कसं पुरेल? आणि हीन जन्म हे तरी कसं पुरेल?

अपमानामुळे माणूस कडवट होतो, हे खरं. पण 'त्याच्यावर अन्याय झाला होता, तो दुसरं काय करणार' असं म्हटलं की आपण त्याच्याकडून माणूसपणाची अपेक्षाच काढून घेतो. ती दया वरून खाली पाहणारी असते. विकर्णाला चांगलं वागता येतं, विदुराला येतं आणि कर्णाला येत नाही, हे मी मानायला तयार नाही. ज्याला अधिरथासमोर वाकता आलं त्याला सभेत उभं राहता आलं असतं. म्हणून त्याचा दोष मोठा आहे. पुढे कृष्णाशी बोलताना तो कबूल करतो की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून पांडवांना कठोर बोललो, त्याचा मला पश्चात्ताप होतो. तिथे तो पांडवांचं नाव घेतो. द्रौपदीचं घेत नाही.

आणखी एक जागा आहे, फारशी कुणी सांगत नाही. कर्णपर्वात शल्य त्याचा सारथी होतो. राजा असून सूताच्या मुलाचा रथ हाकायचा, म्हणून शल्य चिडलेला आहे आणि कर्णाला घालूनपाडून बोलतो. कर्ण उलट बोलतो तेव्हा एकट्या शल्याला बोलत नाही. सबंध मद्र देश, तिथले पुरुष, तिथल्या बायका, त्यांचं खाणंपिणं, चालचलन, सगळं शिव्यांनी भरून काढतो. जन्मावरून जोखलं जाण्याची जखम घेऊन जगलेला माणूस एका माणसाच्या रागापायी अख्ख्या लोकसमूहाला जन्मावरून जोखतो. पात्र रंगवणं काय असतं हे शिकायला यापेक्षा मोठी शाळा मला माहीत नाही.

सोसलेलाच दुसऱ्याला दुखावतो, याचं आपल्याच काळातलं सर्वांत अवघड उदाहरण म्हणजे विजय तेंडुलकरांचं 'कन्यादान'. नाटक १९८३ चं. समाजवादी विचारांचे नाथ देवळालीकर, त्यांची मुलगी ज्योती, आणि तिने पसंत केलेला दलित कवी अरुण आठवले. अरुण प्रतिभावान आहे, होरपळलेला आहे आणि तो ज्योतीला मारतो. नाटकावर वादळ उठलं. या नाटकासाठी आपल्यावर चप्पल फेकली गेली होती, हे तेंडुलकरांनीच सरस्वती सन्मान स्वीकारताना सांगितलं. तो सन्मानही 'कन्यादान'लाच होता.

वाद घालणाऱ्यांचं म्हणणं मला क्षुल्लक वाटत नाही. सोसलेला माणूस क्रूर होऊ शकतो, हे दाखवण्याचा लेखकाचा अधिकार मी कर्णाच्या निमित्ताने आत्ताच मान्य केला. पण नाट्यगृहात बसलेल्या आपल्यासारख्यांची वाचायची सवय काय आहे? नाथ चुकतात तेव्हा आपण म्हणतो, ध्येयवादी माणूस व्यवहारात चुकला. अरुण चुकतो तेव्हा त्याच्याबरोबर त्याची सगळी वस्ती आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते. सवर्ण पात्राला व्यक्ती असण्याची चैन फुकट मिळते. दलित पात्राला ती मिळत नाही, त्याने प्रत्येक वाक्यात समाजाची वकिली करत राहावं अशी आपली अपेक्षा असते, किंवा मग समाजाचा गुन्हा कबूल करावा अशी. दलित लेखकांचा राग अरुणवर होता त्याहून अधिक या सवयीवर होता, असं मी समजते. तेंडुलकरांनी अरुणला माणूस म्हणून लिहिलं असेल, पण प्रेक्षकाच्या मनात तो माणूस राहील याची हमी नाटककार देऊ शकत नाही. ती जबाबदारी पाहणाऱ्याची. मद्र देशाला शिव्या देणारा कर्ण थोडाफार आपल्यात बसलेला असतो.

पाहणाऱ्याच्या या जबाबदारीवरून मला माझे एक सर आठवतात. सरांनी आम्हाला शाळेत संस्कृत शिकवलं. एकदा वर्गात लाक्षागृह चाललं होतं. विदुराने सावध केलं, खणणाऱ्याने भुयार काढलं, भीमाने आग लावली, कुंती आणि पाच मुलगे निसटले. आम्ही खूश. सरांनी विचारलं, "कोण जळलं?" एकाने सांगितलं, "पुरोचन." "आणखी?" कुणाला सांगता येईना. मग सरांनी पुस्तक उघडून वाचून दाखवलं. त्या दिवशी कुंतीने जेवण घातलं होतं. एक निषादी आपल्या पाच मुलांना घेऊन अन्नासाठी आली, खाऊनपिऊन सगळी तिथेच झोपली. सकाळी गावाला सहा प्रेतं सापडली आणि कुंती नि पांडव जळाले असं सगळ्यांनी धरलं. म्हणूनच पांडव वाचले. सरांनी एवढंच सांगितलं आणि फळ्याकडे वळून धातुरूपं लिहायला घेतली. पाठमोरे असताना म्हणाले, "त्या बाईचं नाव शोधून आणा." नाव कुठेच नाही. पाच मुलांपैकी एकाचंही नाही.

कुंतीचं आणि पांडवांचं चारित्र्य ठरवताना ती सहा प्रेतं कुणी मोजली? इरावतीबाईंची थोरवी मला 'युगान्त'मधल्या 'मयसभा' या प्रकरणात दिसते. खांडववन जाळलं त्याचा हिशेब त्यांनी मांडला आहे. कृष्ण आणि अर्जुन दोन बाजूंना उभे राहिले आणि आगीतून बाहेर पळणारा जीव न् जीव त्यांनी मारला. अश्वसेन नाग, मय आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्लं, एवढेच वाचले. त्यातून वाचलेल्या मयानेच पुढे पांडवांसाठी मयसभा उभारली. अग्नीला तृप्त केल्याची ही कथा आपण पुण्यकर्म म्हणून ऐकत आलो. रान काढून जमीन घेणाऱ्यांनी रानातल्या माणसांचा केलेला संहार म्हणून ती इरावतीबाईंनी वाचली, आणि कृष्णार्जुनांवर प्रेम असूनही त्यांना यातून सोडलं नाही. प्रेम ठेवून जाब विचारणं, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

ठाण्यात बसून हे वाचताना तरी आपल्याला दुसरीकडे पाहता येत नाही. घोडबंदर रस्त्यावरच्या मनोऱ्यांतून येऊरचे डोंगर दिसतात, आणि त्या डोंगरात वारल्यांचे पाडे आहेत. पालघर वेगळा होईपर्यंत, म्हणजे २०१४ पर्यंत, तलासरी-डहाणूची जंगलपट्टीही आपल्याच जिल्ह्यात होती. तिथे लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी माणूस बायकोसकट सावकाराच्या घरी राबायचा. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. जानेवारी १९४५ मध्ये आपल्या टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं. वारली तिथवर आले आणि त्यांनी तिथे आपली वेठ सांगितली. किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यात जाऊन राहिले, आणि वेठ मोडली. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसं मेली. जेठ्या गांगड त्यांतला एक.

गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७० साली प्रसिद्ध झालं आणि १९७२ सालचं साहित्य अकादमी पारितोषिक त्याला मिळालं. 'युगान्त', 'मृत्युंजय' आणि हे पुस्तक तीन-चार वर्षांच्या आत आलेली आहेत. तिसऱ्या पुस्तकाला आपण चळवळीचा इतिहास म्हणून वेगळ्या कपाटात ठेवलं. मी ते चरित्रचित्रणाचं पुस्तक म्हणून वाचते. त्यातले वारली भित्रे आहेत, चिवट आहेत, फसतात, कधी खोटं बोलतात, एकदम धीट होतात. भोळा आदिवासी नावाचं जे एक चित्र शहरी कथांनी तयार करून ठेवलं होतं, ते या पुस्तकात टिकत नाही. माणूस एरवी मान वर करत नाही, आणि एका सभेनंतर जमीनदाराच्या वाड्यावर वेठीला जायचं थांबतो. त्याच्या स्वभावात काय बदललं? की स्वभाव तोच होता आणि आपण ज्याला स्वभाव म्हणत होतो ती केवळ भीती होती? पात्राचा स्वभाव आणि त्याची परिस्थिती यांच्यातली रेघ कुठे काढायची, हा समीक्षेतला जुना प्रश्न गोदावरीबाईंनी एकही पारिभाषिक शब्द न वापरता सोडवायला घेतला आहे. अधिरथाचे हात वस्त्राकडे गेले तो त्याचा स्वभाव होता का? वेठीला जाणं थांबवणाऱ्या वारल्यांना पाहिल्यावर मला तसं म्हणवत नाही.

आज सभागृहात शिक्षक बरेच आहेत. त्यांना माझी एक विनंती आहे. परीक्षेत आपण 'कर्णाचे स्वभावचित्र रेखाटा' असा प्रश्न घालतो, आणि मुलं दानशूर, स्वाभिमानी, मित्रनिष्ठ, दुर्दैवी अशी विशेषणं ओळीने लिहितात. आपण पैकीच्या पैकी गुण देतो. हा प्रश्न बदला. कर्ण अधिरथाशी कसा वागला, द्रौपदीशी कसा वागला, आणि दोन्ही ठिकाणी तो एकच माणूस कसा, हे विचारा. विकर्णाविषयी विचारा. निषादीविषयी विचारा, भले उत्तरपत्रिका कोरी येऊ दे.

आणि वाचकांना सांगते. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. एवढी जुनी वाचनाची परंपरा असलेल्या गावांत वाचकगट नाहीत असं नाही. या वर्षी एका गटाने तरी 'मृत्युंजय', 'युगान्त' आणि 'जेव्हा माणूस जागा होतो' ही तीन पुस्तकं याच क्रमाने वाचावीत, आणि जोडीला उद्योगपर्वातला कर्ण-कृष्ण संवाद मुळातून वाचावा. संस्कृत येत नसेल तर मराठी भाषांतरं आहेत. चर्चेला येऊरच्या पाड्यांवरच्या, तलासरीच्या शिकत्या मुलामुलींना बोलवा, आणि पहिल्यांदा त्यांना बोलू द्या. असा गट सुरू झाला तर मला कळवा, मी येईन.